सरना का नही व माय तो डोंगर?

गावातल्या वाचनालयातली जुनी कादंबरी हातात घेतली, की ती आधी कितीजणींनी आणि कशी वाचली, हे तिच्या पानांवरूनच कळतं. संवादांची पानं मऊ पडलेली असतात. कोपरे दुमडलेले, कुठे हळदीचं बोट उमटलेलं, कुठे तेलाचा डाग. आणि मध्येच चार-पाच पानं अशी कोरी करकरीत, की जणू कालच छापखान्यातून आली. ती पानं उघडून बघा. तिथे हमखास एखादी नदी असते, नाहीतर डोंगर, नाहीतर राजवाडा. नायक घोड्यावरून घाईघाईने निघालेला असतो आणि लेखक त्याला अर्ध्या वाटेत थांबवून आपल्याला सूर्यास्त दाखवत असतो. आपण मैत्रिणी मात्र थांबत नाही. सरळ पुढच्या संवादावर उडी मारतो!

आम्ही काहीजणी दर गुरुवारी दुपारी जमतो. बचत गटाचा हिशेब झाला की अर्धा-पाऊण तास एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा आमचा शिरस्ता आहे. हात रिकामे नसतात. कुणी मिरच्यांची देठं खुडतं, कुणी गोधडीला टाके घालतं. एकदा असंच एका ऐतिहासिक कादंबरीचं वाचन चाललं होतं. किल्ल्याखालच्या डोंगराचं वर्णन सुरू झालं. एक पान झालं, दुसरं झालं, तिसरं लागलं. शेवटी एका मावशींनी हातातली मिरची खाली ठेवली आणि अहिराणीत विचारलं, "सरना का नही व माय तो डोंगर?"

आम्ही पोट धरधरून हसलो. आता आमच्यात कुणाचंही बोलणं लांबलं, की "सरना का नही डोंगर?" असं विचारायची पद्धतच पडलीय. पण मावशींचा प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. जुने लेखक एवढी पानंच्या पानं वर्णनं का लिहीत असतील? आणि ती वाचायचा धीर आपल्याला का बरं नसतो?

याचं तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं. म्हणे, टीव्ही आला, मोबाइल आला, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती बघायची सवय लागली, म्हणून माणसांचा धीर सुटला. मला हे पूर्ण पटत नाही. वाचनालयातली ती कोरी पानं आहेत ना, ती पुस्तकं पन्नास-साठ वर्षांपूर्वीची आहेत. ती पानं ज्यांनी गाळली, त्या आपल्या आया आणि मावश्या. त्यांच्या घरात तेव्हा टीव्हीच काय, नीट वीजसुद्धा नव्हती. तेव्हा बिचाऱ्या मोबाइलला सगळंच पाप चिकटवू नये.

आणि आपल्याला वर्णनाचा कंटाळा आहे, हेच मुळात खरं नाही. एखादी लग्नाहून आलेली बाई आठवा. नवरीचा शालू कुठल्या रंगाचा, काठ केवढा, पदरावर मोर की कुयऱ्या, सासरकडून किती तोळे आले, रुखवतात काय काय मांडलं होतं, पंगतीत खापरावरची पुरणपोळी होती की नुसतीच तव्यावरची, हे सगळं ती तासभर सांगते. (आमच्या गावाचं नावच खापर, त्यामुळे पंगतीत या पोळीची चौकशी अंमळ जास्तच होते!) यात 'गोष्ट' कुठे आहे? नवरा-नवरीचं लग्न लागलं, एवढीच. बाकी सगळं वर्णन. पण कुणी उठून जात नाही. उलट ऐकणाऱ्या मध्येच विचारतात, "आणि मंगळसूत्र कसं होतं गं? वाटीचं का?" म्हणजे धीर आहे. फक्त तो आपण कुठे खर्च करतो, हे बघायला पाहिजे.

आपल्या परंपरेत दोन्ही तऱ्हा आहेत. श्रावणातल्या कहाण्या बघा. 'आटपाट नगर' एवढ्या दोन शब्दांत अख्खं शहर उभं राहतं आणि गोष्ट लगेच पुढे जाते. ना वेस, ना वाडे, ना बाजार. कारण कहाणी सांगणारीला पूजा आवरून स्वयंपाकाला लागायचं असतं! आणि दुसरीकडे श्रीधरांच्या पोथ्या. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप'. सतराव्या-अठराव्या शतकात होऊन गेलेल्या या कवीने युद्धं, स्वयंवरं, नगरं अशी काही रंगवून सांगितली, की चातुर्मासात गावोगावच्या बायका रात्री देवळात बसून ती ऐकत आल्या. ज्ञानेश्वरीत तर एक मुद्दा पटवायला माउली एकामागून एक चार-पाच दृष्टांत देतात. तिथे कुणी "पुरे आता" म्हणत नाही. पोथी ऐकायची असते, हे त्यातलं गुपित आहे. वाचणाऱ्याचा आवाज चढतो-उतरतो, मध्येच तो थांबून अर्थ सांगतो, शेजारची बाई "अगं बाई" म्हणते. तेच वर्णन घरात एकटीने, दूध उतू जाईल का म्हणून एक डोळा गॅसवर ठेवून वाचायचं, तर जड जाणारच की.

आता गंमत बघा. ज्या पुस्तकप्रकाराला आपण 'कादंबरी' म्हणतो, त्याचं हे नावच मुळी वर्णनासाठी प्रसिद्ध असलेल्या एका पुस्तकावरून आलंय. हिंदीत उपन्यास म्हणतात, आमच्या शेजारच्या गुजरातेत नवलकथा म्हणतात. मराठीने आणि कन्नडने मात्र 'कादंबरी' हे नाव घेतलं, ते सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथावरून. हर्षवर्धन राजाच्या पदरी असलेल्या या बाणभट्टाचं एकेक वाक्य म्हणजे आगगाडीच. समासाला समास, विशेषणाला विशेषण जोडत ते पानभरसुद्धा चालतं, आणि क्रियापद कधी येतंय म्हणून वाचणारा वाट बघत बसतो. जिचं नाव ग्रंथाला दिलंय, ती नायिका कादंबरी आपल्याला कितीतरी उशिरा भेटते. बाणाच्या हातून ग्रंथ पुराही झाला नाही. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. एकोणिसाव्या शतकात वेबर नावाच्या एका जर्मन पंडिताने बाणाच्या गद्यावर तक्रारच केली होती. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की हे गद्य म्हणजे हिंदुस्थानातलं घनदाट रान आहे. झाडोरा तोडून स्वतःच वाट केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि वर अनोळखी शब्दांची जनावरं दबा धरून बसलेली.

मी बी.ए.ला होते तेव्हा कादंबरीतला एक तुकडा भाषांतरातून वाचला होता. नंतर सातपुड्याच्या कडेला राहायला आल्यावर तो पुन्हा काढून वाचला, तेव्हा मला त्या जर्मन पंडिताचं हसू आलं. अहो, रानाला रान म्हणणं ही काय तक्रार झाली? आमच्याकडे रानात राहणारी माणसं आहेत. त्यांना त्यात वाट सापडते.

तो तुकडा सांगते. विंध्याच्या अरण्यात, पंपासरोवराच्या काठी शाल्मलीचा एक प्रचंड वृक्ष आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. आमच्याकडे माघ-फाल्गुनात पानं झडून लालभडक फुलांनी पेटलेली दिसते ना, तीच. बाण या झाडाचं वर्णन करता करता थकत नाही. किती जुनं, किती उंच, किती फांद्या. त्यावर चढणं इतकं अवघड, की पोपटांचे थवेच्या थवे तिथे निर्धास्तपणे घरटी करून राहिलेत. एका ढोलीत एक म्हातारा पोपट आपल्या आईविना पिल्लाला पंखाखाली घेऊन बसलाय. आपण वाचताना म्हणतो, पुरे झालं बाबा झाडाचं. आणि मग शिकाऱ्यांची टोळी येते. टोळी पुढे जाते, पण ज्याला काहीच शिकार मिळाली नाही असा एक म्हातारा शिकारी मागे रेंगाळतो, झाडाकडे बघतो आणि वर चढायला लागतो. ज्या झाडावर कुणी चढूच शकत नाही, असं आपल्याला इतका वेळ सांगितलं, त्याच झाडावर! एकेक ढोली रिकामी करत तो वर येतो, तेव्हा काळजाचं पाणी होतं. म्हातारा पोपट मारला जातो, पण त्याच्या पंखाखालचं पिल्लू खाली वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वाचतं. पुढची कथा तेच सांगतं.

झाडाचं वर्णन गाळून हा प्रसंग वाचून बघा. पोपट मेला, पिल्लू वाचलं, एवढंच हाती लागतं. त्या झाडाच्या भरवशाने आपणही निर्धास्त बसलो होतो, ही भावना त्या लांबलचक वर्णनाने तयार केलेली असते. वर्णन कशासाठी असतं, हे मला तरी बाणाच्या काटेसावरीने समजलं.

मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्याही वर्णनांनी भरलेल्याच. १८६१ सालची हळबे यांची 'मुक्तामाला', १८७१ सालची गुंजीकरांची 'मोचनगड'. त्या काळच्या वाचकाने काय पाहिलेलं होतं, याचा जरा विचार करा. आगगाडी नुकतीच आलेली, छायाचित्र दुर्मीळ, सिनेमा नाहीच. बाईमाणसाने तर माहेर, सासर आणि झाली तर एखादी पंढरीची वारी, एवढंच जग पाहिलेलं. तिला किल्ला कसा असतो, समुद्र कसा असतो, हे लेखक नाही सांगणार तर कोण सांगणार? उंबऱ्याच्या आत बसून जग बघायची तीच एक खिडकी होती. आज आपल्याला घरबसल्या काश्मीर दिसतं, म्हणून ते वर्णन लांब वाटतं. तेव्हा ते कमीच पडत असणार.

हरिभाऊ आपट्यांनी मात्र ही खिडकी उलटी फिरवली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्याने छापली. यमुनाची ही कहाणी आहे, तिच्याच तोंडून सांगितलेली. इथे सूर्यास्त आणि राजवाडे नाहीत. इथे आहे घराचं वर्णन. माजघर, स्वयंपाकघर, सासूची नजर, जावांची कुजबुज, बायकांनी आपसात कसं बसायचं, कसं बोलायचं. बाहेरच्या पुरुषांना आपल्याच घरातलं माजघर पहिल्यांदा इतकं नीट दिसलं असेल! शेवटी यमुनाच्या वाट्याला वैधव्य येतं, केशवपनाचा तो छळ येतो. तोवर त्या घराचा कोपरान् कोपरा आपल्याला ठाऊक झालेला असतो, म्हणून तर ते वाचवत नाही. आमच्या गटातल्या एका तरुण सुनेने हे पुस्तक दोन महिने लावून वाचलं. म्हणाली, "ताई, लांबण आहे खरी, पण कुठे गाळावं ते कळेना. सगळीकडे ती बिचारी उभीच आहे."

अर्थात सगळीच वर्णनं अशी नसतात. उगाच जुनं ते सोनं म्हणून डोक्यावर घ्यायची गरज नाही. नायिकेचं नखशिखांत वर्णन तर मी बेलाशक गाळते. कमळासारखे डोळे, चाफेकळी नाक, सिंहकटी आणि गजगामिनी चाल. अरे, हे काय माणूस आहे की प्राणिसंग्रहालय? अशी नायिका एका पुस्तकातून उचलून दुसऱ्यात ठेवली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. सूर्यनारायण अस्ताचलाला चालले, पक्षी कोटराकडे परतले, गाईंच्या गळ्यातल्या घंटा किणकिणल्या, हेही तसंच. लेखकाने न बघता लिहिलेलं वाचकाने न बघता उलटलं, फिटंफाट!

माझी एक साधी परीक्षा आहे. वर्णनात एखादी तरी अशी गोष्ट आहे का, जी तिथे उभं राहिल्याशिवाय कळली नसती? असेल तर मी थांबते. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचा. १९५५ सालची छोटीशी कादंबरी आहे. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो, त्याची गोष्ट. माडगूळकर वर्णन करतात, पण ओंजळीएवढंच. मेंढरं, धूळ, उजाड माळ. आणि शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, तेव्हा आपलंच गाव उठल्यासारखं होतं. त्याच सुमारास गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' आली. ती अंबूवहिनीच्या तोंडून आहे. कोकणातलं एक गाव, तिथली झाडंझुडं, सणवार, औषधी पाले, माणसं, सगळं ती सांगत राहते. बाईच्या तोंडी असल्यामुळे ते वर्णन वाटतच नाही, गप्पा वाटतात. आणि तेही गाव डोळ्यांसमोर विस्कटत जातं. शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय' तर केवढा जाडजूड! गंगेची, चंपानगरीची वर्णनं त्यात भरपूर आहेत. पण १९६७ पासून आजवर गावोगावच्या बायका तो उशाशी घेऊन झोपतात. कर्ण बोलत असतो ना, मग तो गंगेबद्दल बोलेना का.

आमच्या गटात खरी बहार आणली ती मात्र दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने. १९५६ सालचं हे पुस्तक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं वर्णन! गोष्ट नाही, नायक नाही, संवाद नाहीत. बारा महिने आणि त्यांत झाडं, वेली, पक्षी, पाऊस, ऊन. "हे कोण ऐकणार?" म्हणून पहिल्यांदा मला धाकधूक होती. मी ठरवलं, अख्खं पुस्तक सलग वाचायचंच नाही. चैत्र लागला की चैत्र वाचायचा, वैशाखात वैशाख. तेही पाच-सहा पानांच्या वर नाही.

आमच्या गटात सगळ्या तऱ्हेच्या बायका आहेत. घरात गुजराती बोलणाऱ्या आहेत, अहिराणीवाल्या आहेत, भिलोरी बोलणाऱ्या आदिवासी बहिणी आहेत. चैत्राचं वाचन झालं आणि पळसाचा विषय निघाला. एकीने विचारलं, "पळस म्हणजे आपला खाखराच ना?" मग मोहाचा विषय निघाला. आमच्यातली एक बहीण, जी पाटीवर सहीपुरतं लिहायला शिकलीय, एरवी वाचनाच्या वेळी कोपऱ्यात गप्प बसते. ती एकदम बोलायलाच लागली. मोहाची फुलं पहाटे गळतात. त्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करावी लागते, म्हणजे फुलं हाताला नीट लागतात. अंधार असतानाच टोपली घेऊन निघायचं, ऊन चढायच्या आत वेचून व्हायला हवं. कुठलं झाड कुणाच्या घरचं, हे ठरलेलं असतं. ताज्या फुलाचा वास कसा असतो आणि वाळल्यावर तो मनुकेसारखा कसा होतो. आजी फुलं भाजून त्यात काय घालायची. वीस मिनिटं ती बोलत होती. एकीनेही तिला "सरना का नही?" म्हटलं नाही. डोंगर न संपल्याची तक्रार करणाऱ्या मावशीच मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या.

तेव्हापासून आमचं वाचन बदललं. पुस्तकातलं वर्णन आधी वाचायचं, मग ज्या बाईने ते झाड, ते पाखरू किंवा तो पाऊस बघितलाय तिने आपलं सांगायचं. कधी कधी पुस्तक दोनच पानं पुढे जातं. जाईना!

आणि याच सांगण्यातून एक गोष्ट माझ्यासमोर आली, जी मला आजही अस्वस्थ करते. आमचा अक्कलकुवा तालुका आणि शेजारचा अक्राणी तालुका, या दोन्हींच्या उत्तर टोकाला नर्मदा आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला तिचा जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ येतो, तो सगळा इथला. गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमेवर 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली, ती मराठी घरांत खूप वाचली गेली. कितीतरी लोकांची नर्मदेशी पहिली ओळख त्या पुस्तकातच झाली. पण जुने परिक्रमावासी ज्या काठाने चालत, त्यातला आमच्या बाजूचा बराचसा काठ आज नाही. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं आली. आमच्या तालुक्यातलं मणिबेली हे त्यांतलं पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ १९९४ मध्ये बुडालं. नवं देऊळ गुजरातेत गोरा इथे बांधलं. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

धरण हवं होतं की नको, या वादात मी इथे शिरत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी सांगतेय ती वर्णनाची गोष्ट. काठावरून उठून पुनर्वसन वसाहतीत आलेल्या एका आजींकडे मी कामानिमित्त गेले होते. रेशन कार्डाचं काम होतं, दहा मिनिटांचं. मी सहज विचारलं, "आजी, तुमचं गाव कसं होतं?" आजींनी सुरुवात केली. घर टेकडीच्या उतारावर. कुडाच्या भिंती, वर कौलं. मागे आंब्याचं झाड, त्याचा आंबा बारका पण गोड. झाडापासून खाली पायवाट, ती कुठे वळते, कुठल्या दगडावर बसून दम घ्यायचा. नदीकाठी पाणी उतरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन, तिथे काय पेरायचं. कुठल्या डोहात मासे, कुठल्या खडकावर कपडे धुवायचे. पलीकडच्या काठावर बहीण दिली होती, तिला हाक मारली की वाऱ्याच्या दिशेने ऐकू जायची का नाही.

तास झाला. त्यात 'पुढे काय झालं' असं काहीच नव्हतं. भांडण नाही, मोर्चा नाही, उठताना कोण रडलं तेही नाही. नुसती जागा. शेजारी त्यांचा नातू मोबाइल बघत बसला होता. त्याने एकदा मान वर करून म्हटलं, "आजी, तू रोज तेच तेच सांगते." खोटं नव्हतं. आजी रोज तेच सांगत असणार, कारण ते सांगायला दुसरी कुठलीच जागा उरलेली नाही. जमिनीचा सात-बारा असतो, पंचनाम्यात झाडांची संख्या असते. पण त्या दगडावर बसून दम घ्यायचे, हे कुठल्या कागदात येणार?

मला तेव्हा एकदम त्या तीन पानांच्या डोंगराची आठवण झाली. काय सांगावं, लिहिणाऱ्याला तो डोंगर हातातून सुटत असल्यासारखा वाटत असेल. म्हणून सोडवत नसेल. सगळ्याच लेखकांचं असं असतं असं मी म्हणत नाही. काहीजण नुसती पानं भरतात, ते मघाशी सांगितलंच. पण 'पडघवली' लिहिणाऱ्याला, 'बनगरवाडी' लिहिणाऱ्याला हे नक्की ठाऊक असणार, की आपण लिहितोय ते गाव असंच राहायचं नाही.

आजींच्या नातवाला मी दोष देत नाही. तो तिथे जन्मला नाही, त्याने तो आंबा खाल्ला नाही. त्याला आता ते वर्णन नको आहे. पण मला अनुभव असा आहे, की चाळिशीच्या आसपास माणसाला एकदम आपल्या आजोळच्या विहिरीचे काठ आठवायला लागतात आणि मग सांगणारं कुणी उरलेलं नसतं. म्हणून आम्ही एक काम हाती घेतलंय. दोनशे पानी वही घेतलीय आणि गटातल्या दोन शिकलेल्या मुली आजींकडे जाऊन त्या सांगतील तसं लिहून घेतात. आजी भिलोरीत सांगतात, मुली देवनागरीत भिलोरीच उतरवतात, मराठी नंतर करू म्हणतात. पहिल्यांदा मुलींनी 'महत्त्वाचं तेवढं' लिहून आणलं होतं. पायवाट दोन ओळींत संपवली होती! त्यांना परत पाठवलं. आता पायवाटेची सहा पानं झालीत आणि अजून नदी आलेली नाही.

तुम्हाला या वाटेने जायचं असेल, तर माझा सल्ला एवढाच. जाडजूड पुस्तकाने सुरुवात करू नका. 'बनगरवाडी' घ्या, किंवा 'ऋतुचक्र'मधला चालू महिना घ्या. मोठ्याने वाचा, ऐकायला कुणीतरी असू द्या, हाताला काहीतरी काम असू द्या. मारुती चितमपल्लींची रानावरची पुस्तकंही छान आहेत. उभा जन्म वनखात्यात काढलेल्या माणसाने लिहिलेली आहेत, त्यात न बघितलेलं काही नाही. कंटाळा आला तर खुशाल पान उलटा, कुणी दंड करत नाही. फक्त उलटलेल्या पानाचा कोपरा दुमडून ठेवा, पुन्हा कधी वाटलं तर सापडायला.

या गुरुवारी आमच्याकडे आषाढ आहे. मावशींनी निरोप धाडलाय, की पावसाचं वाचायच्या आधी त्यांना त्यांच्या माहेरच्या पांझरेचा पूर सांगायचाय. किती वेळ लागेल, असं विचारलं तर म्हणाल्या, "ते पाण्यावर आहे."